द्राक्षबाग विकून दुसरा प्लॉट घ्यावा का? नाशिकमधील एका कुटुंबाच्या पोर्टफोलिओचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट 2024 मध्ये नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणाऱ्या एका कुटुंबापुढे एक निर्णय येऊन ठेपला होता. पत्नीला माहेरकडून वाट्याला आलेली निफाड तालुक्यातील दोन एकर द्राक्षबाग विकावी आणि आलेल्या पैशांत पाथर्डी फाट्याच्या परिसरात आणखी एक बिनशेती प्लॉट घ्यावा, असा प्रस्ताव गृहस्थांनी मांडला होता. बाग बेभरवशाची आणि प्लॉट खात्रीचा, एवढेच त्यामागचे कारण होते. हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. कौटुंबिक आकडे उदाहरणादाखल पूर्णांकात घेतले आहेत आणि व्यक्तींची नावे दिलेली नाहीत. मात्र कर, कायदा, बाजार आणि हवामान यांविषयीचे तपशील वास्तवातले आहेत.

गृहस्थ 53 वर्षांचे असून अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत उत्पादन विभागात पर्यवेक्षक आहेत. निवृत्तीला पाच वर्षे उरली आहेत. पत्नी एका खासगी दवाखान्यात हिशेब पाहतात. त्यांना निवृत्तिवेतन नाही. एकुलती एक मुलगी एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि गुंतवणूक विश्लेषण हा तिचा अभ्यासविषय आहे. बाग पत्नीचे धाकटे भाऊ कसतात आणि खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतला निम्मा वाटा बहिणीला देतात. तोटा झाला तर तोही निम्मा वाटला जातो. बागेचा भाव 50 लाख रुपये ठरत होता आणि भाऊच ती घ्यायला तयार होते. बहिणीच्या यजमानांना त्यांनी इतकेच सांगितले होते, "दाजी, विकायची ठरली तर मलाच द्या, पण या छाटणीच्या तोंडावर घाई करू नका."

घर आणि दागिने सोडून कुटुंबाची मांडणी अशी होती. भविष्य निर्वाह निधीत 26 लाख, पीपीएफमध्ये 10 लाख, राष्ट्रीयीकृत बँकेतील मुदत ठेव 8 लाख, नाशिकमधील एका सहकारी बँकेतील ठेव 10 लाख, एका पतसंस्थेतील ठेव 12 लाख आणि आयुर्विम्याच्या जुन्या पॉलिसींचे समर्पण मूल्य (मुदतीआधी मोडल्यास मिळणारी रक्कम) 11 लाख. याशिवाय थेट घेतलेले समभाग 14 लाखांचे, अकरा म्युच्युअल फंड योजनांत मिळून 22 लाख आणि पाथर्डी फाट्याजवळचा आधीचा एक प्लॉट 30 लाखांचा. ही बेरीज 143 लाख होते. बाग धरली तर 193 लाख.

मुलीने पहिल्यांदा जो तक्ता केला, तो क्रमिक पुस्तकातल्यासारखा नेटका होता. ठेवी, निर्वाह निधी आणि विमा मिळून 40 टक्के, समभाग आणि फंड 19 टक्के, प्लॉट साडेपंधरा टक्के, बाग 26 टक्के. मत्ता-विभागणीच्या कोणत्याही सर्वसाधारण निकषावर हे चित्र निवृत्तीकडे झुकलेल्या कुटुंबाला शोभेल असेच दिसते. गृहस्थांचे म्हणणेही तेच होते की पैसा दहा ठिकाणी विभागलेला आहे, तेव्हा चिंतेचे कारण नाही. या तक्त्यात चूक एकही नाही, आणि तरीही तो जवळपास निरुपयोगी आहे, कारण त्यात गुंतवणुकींची जात लिहिली आहे, पण त्या एकमेकींच्या किती जवळच्या नातलग आहेत हे कोठेही लिहिलेले नाही.

जोखीम एकट्याची की संचातली

हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 साली 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये मांडलेला विचार, ज्यासाठी त्यांना पुढे 1990 मध्ये विल्यम शार्प आणि मर्टन मिलर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तो नेमका या नात्याविषयी आहे. एखाद्या गुंतवणुकीची जोखीम तिच्या एकटीच्या चढउतारावरून ठरवायची नसते. ती संचात, म्हणजे पोर्टफोलिओत, आल्यावर संपूर्ण संचाच्या चढउतारात किती भर घालते किंवा त्यातून किती वजा करते, हे पाहायचे असते. समजा दोन गुंतवणुकी आहेत, दोहोंचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप, 20 टक्के आहे आणि पैसा निम्मा-निम्मा विभागला आहे. दोन्ही तंतोतंत एकत्र हलत असतील, म्हणजे सहसंबंध गुणांक 1 असेल, तर संचाचे विचलन 20 टक्केच राहते आणि विभागणीचा काहीही लाभ होत नाही. गुणांक 0.3 असेल तर ते सुमारे 16 टक्के होते आणि शून्य असेल तर सुमारे 14 टक्के. परताव्याची सरासरी तिन्ही प्रसंगी तीच राहते. फरक पडतो तो केवळ नात्यामुळे.

हे सूत्र मुलीने सर्वप्रथम अकरा फंडांना लावले, आणि तेथेच वडिलांच्या 'दहा ठिकाणां'चा अर्थ उलगडला. भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबीच्या ऑक्टोबर 2017 च्या वर्गीकरणानुसार लार्ज कॅप म्हणजे बाजारमूल्यानुसार पहिल्या शंभर कंपन्या, आणि अशा फंडाला किमान 80 टक्के पैसा त्यांतच ठेवावा लागतो. साहजिकच एका लार्ज कॅप फंडाच्या शेजारी दुसरा लार्ज कॅप फंड घेतला की बहुतेक त्याच बँका आणि त्याच माहिती तंत्रज्ञान कंपन्या पुन्हा पदरात पडतात. समान वाट्याच्या अकरा योजना घेतल्या, प्रत्येकीचे विचलन 18 टक्के आणि परस्परसंबंध 0.9 धरला, तर संचाचे विचलन 17.2 टक्के येते. दोनच योजना असत्या तर ते 17.5 टक्के आले असते. म्हणजे तिसऱ्यापासून अकराव्यापर्यंतच्या नऊ योजनांनी मिळून एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके काम केले आणि त्या बदल्यात नऊ खाती, नऊ विवरणे व विक्रीच्या वेळी नऊ ठिकाणचा कराचा हिशेब कुटुंबाच्या गळ्यात टाकला. शिवाय या अकरांपैकी एक, 3 लाखांचा, केवळ वाहन उद्योगात गुंतवणूक करणारा फंड होता.

अंबडच्या चाकावर किती?

त्यानंतर दुसरा तक्ता झाला. या वेळी स्तंभांना प्रकारांची नावे नव्हती. प्रत्येक रकमेपुढे एकच प्रश्न लिहिला होता: वाहन उद्योगात मंदी आली आणि अंबड-सातपूरच्या पाळ्या कमी झाल्या तर या रकमेचे काय होईल?

थेट समभागांतील 14 लाखांपैकी 11 लाख चार वाहन आणि सुटे भाग कंपन्यांचे होते. त्यात वाहन फंडाचे 3 लाख मिळवावे लागतात. पतसंस्थेचे 12 लाख वरकरणी ठेव असले तरी तिचे कर्जदार प्रामुख्याने याच पट्ट्यातील छोटे कारखानदार, जॉबवर्क करणारे आणि टेम्पोमालक आहेत. सहकारी बँकेचा कर्जव्यवहार अधिक विस्तृत आहे, पण तोही याच शहरातला. पाथर्डी फाट्याचा प्लॉट विकायचा झाला तर त्याचे संभाव्य गिऱ्हाईक अंबडमध्ये नोकरी करणारे, सिडकोतून थोडे मोठे घर शोधणारे कुटुंब असते. हे सगळे एकत्र केले की 66 लाख होतात, म्हणजे बागेसह धरलेल्या संचाचे 34 टक्के. या आकड्यावर गृहस्थांनी घेतलेला आक्षेप असा होता: "प्लॉट काय कंपनीच्या मालकीचा आहे? नाशिकची जमीन मुंबईकरही घेतात. 2027 चा कुंभ आहे, समृद्धी महामार्ग आहे." हा आक्षेप रास्त आहे. 66 लाखांतला प्रत्येक रुपया वाहन उद्योगाला सारख्याच घट्टपणे बांधलेला नाही, आणि हा आकडा वरची मर्यादा म्हणूनच वाचला पाहिजे.

परंतु या आकड्यात जे आलेलेच नाही ते त्याहून मोठे आहे. गृहस्थांचा वार्षिक पगार 9 लाखांच्या आसपास आहे. उरलेल्या पाच वर्षांत तो कायम राहिला तर 45 लाख होतो. भावी कमाईला गुंतवणूक विश्लेषणात मानवी भांडवल म्हणतात आणि कोणत्याही बँक विवरणात ती दिसत नसली तरी पोर्टफोलिओचा ती भाग असते. या घरात ती निखळ वाहन उद्योगाची आहे. ज्याचा पगार एका उद्योगातून येतो त्याने बचत शक्यतो त्या उद्योगाबाहेर ठेवावी, हा नियम म्हणूनच येतो. आणि माणसे नेमके उलट करतात, कारण ज्या कंपन्यांची नावे रोज कानावर पडतात त्या ओळखीच्या वाटतात.

ओळखीचा हा मुद्दा थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. कोणत्या कारखान्याकडे मागणी वाढली आणि कोणती पाळी सुरू झाली, हे गृहस्थांना खरोखरच लवकर कळते. पण कारखाना चांगला चालणे आणि त्याचा समभाग या किमतीला घेण्याजोगा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चक्रीय, म्हणजे तेजी-मंदीच्या फेऱ्यांत चालणाऱ्या, उद्योगांत तर त्या बऱ्याचदा परस्परविरोधी असतात. समजा तेजीच्या शिखरावर एका कंपनीची प्रतिसमभाग कमाई 40 रुपये आणि भाव 600 रुपये आहे; भावाला कमाईने भागून येणारे किंमत-उत्पन्न गुणोत्तर 15, म्हणजे समभाग स्वस्त दिसतो. मंदीत कमाई 12 रुपयांवर आणि भाव 360 वर आला की तेच गुणोत्तर 30 होते आणि तोच समभाग महाग दिसू लागतो, जरी भाव 40 टक्क्यांनी उतरलेला असला तरी. अशा कंपनीचे मूल्यमापन एका वर्षाच्या कमाईवर न करता पूर्ण चक्राच्या सरासरी कमाईवर करावे लागते. गृहस्थांनी चारपैकी तीन कंपन्या गुणोत्तर कमी असताना, म्हणजे पाळ्या जोरात असताना, घेतल्या होत्या.

एका क्षेत्राच्या अशा वाढीव जोखमीचा मोबदला मिळतो का, हा पुढचा प्रश्न आहे. शार्प यांच्या 1964 च्या प्रतिमानानुसार बाजार जो जादा परतावा देऊ करतो तो सर्व बाजाराबरोबर हलणाऱ्या जोखमीसाठी असतो; वैविध्य आणून जी जोखीम फुकट घालवता आली असती ती अंगावर ठेवल्याबद्दल कोणीही काही देत नाही. प्रतिमानाच्या गृहीतकांवर पुष्कळ टीका झाली आहे, पण त्याचा एवढा भाग या घराला तंतोतंत लागू पडतो.

प्लॉटची 'खात्री'

आधीचा प्लॉट 2013 मध्ये 14 लाखांना घेतला होता आणि आज त्याचे 30 लाख येतील असे दलाल सांगतो. 'दुपटीहून अधिक' हा शब्दप्रयोग घरात अनेकदा झाला होता. अकरा वर्षांचा चक्रवाढ दर काढला की तो 7.2 टक्के निघतो. खरेदीच्या वेळचे मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि किरकोळ खर्च मिळून 90 हजार धरले तर 6.6 टक्के. 2013-14 मध्ये पीपीएफचा दर 8.7 टक्के होता आणि एप्रिल 2020 मध्ये तो उतरत उतरत 7.1 टक्क्यांवर आला, म्हणजे त्या संपूर्ण काळात जी सर्वांत निरुपद्रवी योजना घरात होती तीही प्लॉटपेक्षा पुढे राहिली. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखाची मर्यादा असल्याने सगळे पैसे तेथे जाऊ शकले नसते हे खरे. परंतु मोजपट्टी म्हणून ही तुलना टाळता येत नाही. शिवाय 30 लाख हा सांगितलेला भाव आहे, मिळालेला नव्हे. समभागाचा भाव रोज दिसतो म्हणून तो अस्थिर वाटतो आणि प्लॉटचा भाव अकरा वर्षांत दोनदाच विचारला म्हणून तो स्थिर वाटतो. चढउतार न मोजल्याने तो नाहीसा होत नाही.

दुसरा प्लॉट घेतल्यास वाहनाशी निगडित वाटा 66 वरून 116 लाखांवर, म्हणजे 34 वरून 60 टक्क्यांवर जाणार होता, आणि व्यवहारखर्चाचे तीन लाखांहून अधिक रुपये पहिल्याच दिवशी जाणार होते.

बाग: सर्वांत अस्थिर, म्हणून सर्वांत धोकादायक?

बागेच्या बाबतीत गृहस्थांचे म्हणणे आकड्यांनी खरे ठरते. पत्नीच्या वाट्याला 2018-19 पासून 2023-24 पर्यंत आलेल्या रकमा लाखांत अशा होत्या: 3.6, उणे 0.8, 3.4, 1.0, 4.2 आणि 0.6. सरासरी 2 लाख आणि प्रमाण विचलनही 2 लाखच. 50 लाखांवर 4 टक्के उत्पन्न, तेही इतके हेलकावे खाणारे. एकटी पाहिली तर अशी गुंतवणूक कोणी घेणार नाही. शेती उत्पन्न आयकरमुक्त असते, हे लक्षात घेतले तरी फारसा फरक पडत नाही.

मात्र बाग ज्या कारणांनी बुडते ती कारणे वेगळी आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस आला की डावणीसारखा बुरशीजन्य रोग आणि घडकुज, मणी तयार होताना पाऊस आला की मणी तडकणे, आणि केव्हाही गारपीट. 2010 मध्ये वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून युरोपने भारतीय द्राक्षे अडवली, ते कारणही वाहन उद्योगाशी संबंधित नव्हते. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात झालेल्या अवकाळी पावसाने आणि गारपिटीने बागा झोडपल्या, तेव्हा अंबडमधल्या पाळ्या पूर्ण क्षमतेने सुरू होत्या आणि त्या वर्षी गृहस्थांना जादा काम व उत्पादन बक्षिसी मिळून 2.6 लाख मिळाले होते.

गृहस्थांच्या या बदलत्या उत्पन्नाचे त्याच सहा वर्षांचे आकडे 2.0, 0.8, 1.0, 2.0, 2.4 आणि 2.6 लाख असे आहेत. दोन्ही मालिकांचा सहसंबंध गुणांक मुलीने काढला तो 0.27 आला. तिला तो शून्याजवळ किंवा उणे येईल असे वाटले होते. आकडे पाहिले की कारण दिसते: 2019-20. त्या वर्षी देशात प्रवासी वाहनांची विक्री सुमारे 18 टक्क्यांनी आणि व्यापारी वाहनांची सुमारे 29 टक्क्यांनी घटली. सप्टेंबर 2018 मधील आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेच्या थकबाकीनंतर आटलेला कर्जपुरवठा आणि एप्रिल 2020 पासून लागू होणाऱ्या बीएस-6 या वाहनप्रदूषण निकषांपूर्वीची अनिश्चितता ही त्यामागची प्रमुख कारणे. आणि त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबर 2019 मध्ये परतीचा पाऊस लांबला, बागांचे अतोनात नुकसान झाले, वर मार्च 2020 च्या अखेरीस ऐन काढणीत टाळेबंदी लागली. दोन्ही संकटांचे मूळ वेगळे, वर्ष मात्र एक. ते वर्ष वगळले तर उरलेल्या पाच वर्षांचा गुणांक उणे 0.34 येतो.

विद्यार्थ्याने या ठिकाणी दोन मोह टाळावेत, असे मला वाटते. पहिला मोह 2019-20 अपवाद म्हणून काढून टाकण्याचा आणि उणे 0.34 हा सोयीचा आकडा अहवालात लिहिण्याचा. वाईट वर्षे हीच तर जोखीम, ती काढल्यावर मोजायचे काय उरते? दुसरा मोह 0.27 ला दोन्ही दशांश स्थळांपर्यंत खरे मानण्याचा. एका निरीक्षणाने ज्याचे चिन्ह बदलते असा गुणांक निष्कर्षाला आधार देऊ शकत नाही. सहा आकड्यांतून फार तर इतके म्हणता येते की नाते घट्ट नाही. त्यापुढचा निर्णय कारणांच्या अभ्यासावर टेकवावा लागतो, आणि कारणे वेगळी आहेत हे येथे स्पष्ट आहे. मार्च 2020 मध्ये समभागांच्या बाबतीतही हेच दिसले: एरवी वेगवेगळे चालणारे उद्योग एकदम कोसळले आणि जानेवारीच्या शिखरापासून निफ्टी सुमारे 38 टक्के उतरला. ज्या दिवशी वैविध्याची सर्वांत जास्त गरज असते, त्या दिवशी ते थोडे कमी पडते.

बागेविषयीचा आणखी एक मुद्दा कोणत्याही सूत्रात बसत नाही. महाराष्ट्रात कूळवहिवाट कायद्याच्या कलम 63 नुसार शेतजमीन विकत घेण्यासाठी खरेदीदार शेतकरी असावा लागतो. पत्नीच्या नावावर दुसरी जमीन नाही. हा सातबारा गेला तर पुढे पुन्हा शेतजमीन घेण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. प्लॉट नंतर केव्हाही घेता येतो. मागे घेता येण्याजोगा आणि न येण्याजोगा असे दोन निर्णय समोर असताना दुसऱ्याला अधिक पुरावा लागतो. निम्मी बाग, म्हणजे एक एकर, विकून शेतकरीपण राखण्याचा मधला पर्यायही चर्चेत आला होता. 40 गुंठे असल्याने तुकडेबंदीची (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यावरील बंदीची) अडचण नव्हती आणि गाव शहरी हद्दीपासून पुरेसे दूर असल्याने भांडवली नफ्यावर करही लागला नसता. तो पर्याय तूर्त बाजूला ठेवला गेला, कारण पैशाची तातडीची गरज नव्हती आणि अर्ध्या बागेला मजूर, फवारणी व ट्रॅक्टर यांचा खर्च अर्धा येत नाही.

एक कल्पित मंदी

निर्णयाआधी एक ताणचाचणी केली गेली. वाहन समभाग व वाहन फंड निम्मे झाले, इतर समभाग-फंड 35 टक्के उतरले, प्लॉटचे भाव 15 टक्के घसरले आणि बागेची किंमत तीच राहिली असे धरले. सध्याच्या मांडणीत घट 19.2 लाख, म्हणजे 10 टक्के येते; बाग देऊन प्लॉट घेतला असता तर 26.7 लाख, म्हणजे सुमारे 14 टक्के. हा फरक मला स्वतःला फारसा भयानक वाटत नाही. भय आहे ते तरलतेचे, म्हणजे हवा तेव्हा पैसा हाती येण्याचे. त्याच काळात मुलीच्या पुढील शिक्षणासाठी 12 लाख लागणार आहेत. प्लॉटला दीड-दोन वर्षे गिऱ्हाईक मिळणार नाही, पतसंस्थेतील ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण अजिबात नाही, आणि सहकारी बँकेतील ठेवीला ते आहे पण व्याजासह 5 लाखांपर्यंतच. बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तर तेवढी रक्कम 90 दिवसांत मिळण्याची तरतूद 2021 पासून आहे, उरलेली केव्हा मिळेल ते सांगता येत नाही. समभाग-फंड पडत्या भावात विकायचे नसतील तर राष्ट्रीयीकृत बँकेतले 8 लाख हाच काय तो लगेच हाताशी येणारा पैसा. 193 लाखांचे कुटुंब 12 लाखांसाठी अडू शकते, हे गृहस्थांना आकड्यांत दिसले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला.

विम्याच्या पॉलिसींचा हिशेब येथे थोडक्यात आटोपतो: वर्षाला 50 हजार भरून वीस वर्षांनी 18.4 लाख देणारी पॉलिसी साडेपाच टक्के परतावा देते. दोनच हप्ते उरले असल्याने त्या चालू ठेवणेच योग्य होते.

काय ठरले

बाग विकायची नाही आणि दुसरा प्लॉट घ्यायचा नाही, हे ठरले. पतसंस्थेतील ठेव मुदत संपेल तशी राष्ट्रीयीकृत बँकेत आणायची, आणि त्यातलेच 12 लाख शिक्षणासाठी वेगळे ठेवायचे. सहकारी बँकेत व्याज धरून 5 लाखांच्या आत राहील एवढीच ठेव ठेवायची. दर एक-दीड टक्क्याने कमी मिळेल. मिळत होता तो जादा दर याच जोखमीचा होता. अकरा योजनांच्या तीन करायच्या: एक व्यापक निर्देशांक फंड, एक मध्यम कंपन्यांचा आणि एक अल्प मुदतीच्या रोख्यांचा. निवृत्तीनंतर निर्वाह निधीच्या रकमेतून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, 30 लाखांच्या मर्यादेत, किती ठेवायचे ते त्या वेळच्या दरावर सोडले.

वाहन समभागांपैकी 8 लाखांचे समभाग विकायचे होते आणि त्यांवर 3.27 लाखांचा दीर्घकालीन नफा होता. 23 जुलै 2024 पासून असा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आणि त्यापुढे 12.5 टक्के दराने करपात्र आहे. एकदम विकले तर उपकरासह 26 हजारांच्या आसपास कर. मार्चआधी आणि एप्रिलनंतर असे दोन आर्थिक वर्षांत विभागले तर सुमारे दहा हजार. गृहस्थांनी दोन हप्ते मान्य केले, पण स्वतःच्या कंपनीच्या मुख्य ग्राहकाचे 3 लाखांचे समभाग ठेवण्याचा हट्ट सोडला नाही. संचाच्या दीड टक्क्यासाठी घरात वाद वाढवण्यात अर्थ नव्हता.

राहिला बागेच्या उत्पन्नाचा हेलकावा. भावाने निम्म्या वाट्याऐवजी दुसरी व्यवस्था सुचवली: दरवर्षी 1 लाख ठरीव खंड, आणि खंड दिल्यावर नफा उरलाच तर त्याचा चौथा हिस्सा. मागच्या सहा वर्षांना हे लावले तर बहिणीचे उत्पन्न 2.55, 1.0, 2.45, 1.25, 2.85 आणि 1.05 लाख झाले असते. सरासरी 2 लाखांवरून 1.86 लाखांवर येते, पण प्रमाण विचलन 2 लाखांवरून सुमारे 85 हजारांवर. वर्षाला 14 हजार सोडून निम्म्याहून अधिक चढउतार जातो, हे मुलीला इतके आवडले की तिने लगेच होकार द्या म्हणून सांगितले.

आईने तक्ता उलटा करून पाहिला. तो चढउतार नाहीसा झालेला नव्हता, तो भावाकडे गेला होता: 2019-20 मध्ये त्याला 80 हजारांऐवजी 2.6 लाखांचा तोटा सोसावा लागला असता, आणि पीककर्जाचा हप्ता भरणाऱ्या माणसाने त्याच वर्षी बहिणीला लाख रुपये कोठून दिले असते? ज्या वर्षी खंडाची खात्री हवी, त्याच वर्षी देणाऱ्याची ऐपत सर्वांत कमी असते. म्हणून दोन अटी घातल्या गेल्या. बागेचा हवामानावर आधारित फळपीक विमा दरवर्षी उतरवायचा आणि त्याचा शेतकऱ्याचा हप्ता दोघांनी निम्मा भरायचा. तोट्याच्या वर्षीचा खंड पुढच्या काढणीनंतर, बिनव्याजी घ्यायचा. भाऊ म्हणाला, "ताई, कागद कशाला? मी काय परका आहे?" ताईंनी तरीही हा करार साध्या कागदावर लिहून घेतला. पुढे ढकलल्या जाणाऱ्या त्या एका खंडाइतके 1 लाख राष्ट्रीयीकृत बँकेतील ठेवीतून वेगळ्या खात्यावर काढले गेले, आणि ऑक्टोबर छाटणीपासून नवी व्यवस्था लागू झाली.